मनीचा श्वास मोजा

मांजर शिंकलं की आपण म्हणतो, "सर्दी आहे, जाईल." पण हर्पीस आणि कॅलिसी विषाणूंची हीच सर्दी पिल्लांच्या फुप्फुसात उतरू शकते. मग बोर्डेटेला, मायकोप्लाझ्मा यांसारखे जिवाणू न्यूमोनिया वाढवतात. गोगलगाय, किंवा गोगलगाय खाल्लेला उंदीर वा पाल मांजरानं खाल्ली, तर फुप्फुसात जंतही होतात. कारण वेगळं, तसं औषधही वेगळं. म्हणून तपासणी हवीच.

मनी झोपली असताना मिनिटभर श्वास मोजा. ते सतत 30 च्या वर असतील, किंवा ती तोंड उघडून धापा टाकत असेल, तर रात्र असली तरी थांबू नका. घरातली पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका. मांजराला ती विषच. आणि पिल्लू 6 ते 8 आठवड्यांचं झालं की लसीकरण सुरू करा.