संगणकाची पदवी निवडताना

बारावीचा निकाल लागला की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा या आपल्या पाचही तालुक्यांत पालकांच्या तोंडी एकच वाक्य असते : "पोराला कम्प्युटरचं काहीतरी शिकवा, सावलीत बसून कमावेल." इच्छा रास्त आहे. ज्यांचे आयुष्य शेतात, हमालीत किंवा आठवडी बाजारात उन्हात कापडाचे गठ्ठे उचलण्यात गेले, त्यांना मुलांसाठी खुर्ची हवीशी वाटणारच. पण "कम्प्युटरचं काहीतरी" या नावाची पदवी कोणतेच विद्यापीठ देत नाही. पदव्या अनेक आहेत आणि प्रत्येकीचा दरवाजा वेगळा आहे. हा सौदा तीन-चार वर्षांचा आणि मोठ्या रकमेचा असतो. म्हणून माल पारखूनच घ्यावा.

आधी गणित

या धंद्याचे भांडवल म्हणजे गणित. अकरावीला गणित सोडले की आपल्या राज्यात बी.टेक.चा सरळ रस्ता बंद होतो, कारण तेथे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. म्हणून खरा निर्णय बारावीनंतर नव्हे, दहावीनंतरच होतो. आपल्या उर्दू शाळांतील अनेक मुले गणिताला घाबरतात. त्यांना सांगावे की, संगणकशास्त्रातील 'अल्गोरिदम' हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरूनच आला आहे. हा वारसा परका नाही.

कोणती पदवी कोणासाठी?

बी.टेक. (संगणक) : चार वर्षे, एमएचटी-सीईटीमार्गे प्रवेश. खर्च आणि अभ्यास दोन्ही जास्त, पण मोठ्या कंपन्यांत पहिली विचारणा बहुधा हिचीच होते. आपल्याला जवळचे नाव म्हणजे नांदेडचे १९८१ साली सुरू झालेले श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करून बी.टेक.च्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचीही सोय आहे. तुलनेने कमी खर्चाचा हा मार्ग पुष्कळ पालकांना ठाऊकच नसतो.

बी.सी.ए. : कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी हा मोठा आधार आहे. मात्र २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि राज्यात त्यासाठी सीईटी सुरू झाली. परीक्षेचा अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो. निकालानंतर जागे होणाऱ्यांची येथे अडचण होते. पुढे दोन वर्षांचे एम.सी.ए. केले तर या पदवीचे वजन वाढते.

बी.एस्सी. (संगणकशास्त्र) : ज्यांना पुढे एम.एस्सी., अध्यापन किंवा विद्याविश्लेषणाकडे जायचे आहे त्यांनी हिचा विचार करावा.

बी.कॉम. आणि संगणकीय हिशेब : १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि आम्हा कापडवाल्यांची लाल वही संगणकात गेली. सुरत किंवा भिवंडीहून आलेल्या प्रत्येक गाठीची नोंद, विवरणपत्र आणि परतावा समजणारा माणूस तालुक्याच्या गावीही लागतो. गाव न सोडता खुर्चीवरचे काम हवे असेल तर ही वाट हलकी समजू नये.

उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी १९९८ साली स्थापन झालेले हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे. तेथे संगणकाचे बी.टेक.ही चालते. मद्रास आयआयटीने २०२० साली सुरू केलेली विदासाशास्त्राची पदवी घरी राहून शिकता येते. तिला जेईई लागत नाही, बारावीची कोणतीही शाखा चालते, पण पात्रता परीक्षा द्यावी लागते. कमी उत्पन्नाच्या घरांना फीमध्ये सवलतही आहे. मुलींना लांब पाठविण्यास कचरणाऱ्या पालकांनी ही माहिती जरूर घ्यावी. मात्र शिकवणी इंग्रजीत असते, त्याची तयारी आधी हवी.

आराम किती?

आता "आरामाची नोकरी" या शब्दाकडे येऊ. खुर्ची असते, सावली असते. पण परदेशी ग्राहकांमुळे रात्रीची पाळी असते, ठरल्या तारखेला काम देण्याचा ताण असतो, आणि दर दोन-तीन वर्षांनी नवे शिकावे लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून साधी नोंदणी आणि साचेबंद प्रोग्राम यंत्रच लिहू लागले आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२ हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले.

कापडाच्या धंद्याने हे पूर्वी पाहिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये जॅकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग बनविला. मागावर ताण्याचे धागे उचलून धरणाऱ्या पोऱ्याचे काम गेले. नक्षी आखणाऱ्याचे काम मात्र राहिले. आजही तेच होणार. नुसती बटणे दाबणारा उठेल, प्रश्न समजून त्याची मांडणी करणारा टिकेल. म्हणून ज्या पदवीत गणित, विचार आणि प्रत्यक्ष काम आहे तीच घ्यावी.

पैसे भरण्यापूर्वी

चार गोष्टी पाहाव्यात. पदवी देणारे विद्यापीठ युजीसीच्या यादीत आहे काय? बी.टेक. किंवा बी.सी.ए. असेल तर तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता चालू वर्षाची आहे काय? मागील तीन वर्षांतील मुले कोठे कामाला लागली, हे जाहिरातीवरून नव्हे, त्या मुलांनाच विचारले काय? संपूर्ण मुदतीची फी लेखी मिळाली काय? खाजगी संस्थांची सहा महिन्यांची प्रमाणपत्रे हुनर वाढवितात, पण ती पदवी नव्हे. पदवीच्या भावाने ती विकत घेऊ नयेत.

शेत किंवा दागिना विकून, व्याजाचे ओझे डोक्यावर घेऊन महागडी फी भरण्यापेक्षा शासकीय जागेसाठी एक वर्ष जास्त मेहनत केलेली बरी. तालीम हा नफ्याचाच व्यवहार आहे, पण रोखीने आणि डोळे उघडे ठेवून केलेला.