धार सरळ येते का? (लेखांक ७)

जबलपूरच्या मराठी घरातून कोणी ‘फुहाऱ्यावर जाऊन येते’ म्हणून निघालं की पुढचे दोन तास तिची वाट पाहायची नाही. कापड, भांडी, लग्नाचा बस्ता, सगळं बड्या फुहाऱ्याला. त्या गर्दीत दुपारनंतर काही माणसं वेगळी दिसतात. मंडला-डिंडोरीकडून पोराला ‘मेडिकल’मध्ये दाखवायला आलेली, बस सुटायच्या आत बाजार उरकणारी. एका हातात पोर, दुसऱ्या हातात प्लास्टिकची फाइल. ‘मेडिकल’ म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज, स्थापना १९५५.   आज बोलायचंय त्या फाइलीबद्दल, म्हणजे तिच्यात कधी कधी लिहिलेल्या एका दोषाबद्दल.

हायपोस्पेडियास या जन्मजात दोषात लघवीचं छिद्र शिश्नाच्या टोकाला नसतं, खालच्या बाजूला कुठेतरी असतं. साधारण २०० ते ३०० मुलग्यांमागे एकाला. छिद्र फार खाली असेल तर पोरगा बसून लघवी करतो, शाळेत पोरं चिडवतात, आणि घरी हा विषय कोणी काढत नाही. इलाज एकच: उरलेली नळी बनवायची. पण कशाची?

आग्र्याचे डॉ. हरिशंकर असोपा यांनी १९७१ मध्ये दिलेलं उत्तर साधं वाटतं. शिश्नाच्या पुढच्या कातडीची आतली बाजू मऊ असते, तिचीच नळी करायची, आणि दोन-तीन शस्त्रक्रियांऐवजी काम एकाच वेळी संपवायचं. पुढे अमेरिकेच्या डॉ. डकेट यांनी १९८० मध्ये हीच दिशा पुढे नेली. असोपा मात्र तिथे थांबले नाहीत. २००१ मध्ये त्यांचा आणखी एक लेख आला, या वेळी अरुंद झालेल्या मूत्रमार्गावर: नळी खालून उघडायची, आतून तिची वरची भिंत चिरायची आणि त्या फटीत ठिगळ बसवायचं. पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींनी २००९ मध्ये याच दुखण्यावर नळीची एकच बाजू सोडवायची पद्धत मांडली, म्हणजे दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा शाबूत राहतो. असोपांच्या दोन लेखांत तीस वर्षांचं अंतर, आणि विषय तीच काही इंचांची नळी. मला या माणसाचा हेवा वाटतो.

लहान मुलांतल्या हायपोस्पेडियाससाठी आज सर्वाधिक चालते ती सर्जन स्नॉडग्रास यांची पद्धत. १९९४ मध्ये त्यांनी अवघ्या १६ मुलांवरचा अनुभव छापला. मूत्रमार्गाच्या जागी असलेली पट्टी अरुंद, गुंडाळली तर नळी बारीक होणार. म्हणून पट्टीला मधोमध उभी चीर द्यायची, ती पसरते, मग गुंडाळायची. चिरेवर नवं अस्तर आपोआप धरतं. सर्जनच्या डोळ्यांवर भिंग, हातात केसाहून बारीक धागा. नंतर बाळाला दोन डायपर: आतल्याला भोक, त्यातून लघवीसाठी तात्पुरत्या घातलेल्या नळीचं टोक बाहेरच्या डायपरमध्ये. ही युक्ती शोधनिबंधाइतकीच मोलाची, कारण आईला घरी जाता येतं.

स्नॉडग्रास यांचं मोठेपण मला पुढच्या गोष्टीत दिसतं. छिद्र फार खाली असलेल्या मुलांत आपलीच पद्धत वारंवार फसतेय, हे त्यांना स्वतःच्या नोंदींतून कळलं. त्यांनी ते छापलं आणि अशा मुलांसाठी दोन टप्प्यांच्या शस्त्रक्रियेकडे वळले. म्हणून सर्जनच्या निबंधांची यादी हातात आली की मी आकडा मोजत नाही. रुग्ण किती वर्षं पाहिले, ते शोधतो. टाक्यातून लघवी गळणं पुष्कळदा काही महिन्यांत कळतं. शिश्नाला बाक राहिला का, धार सरळ आणि जोरात येते का, याचा खरा निकाल मात्र पोर वयात आल्यावर. आणि तोवर पोर बरं दिसतं, मजुरी बुडते, गाव लांब, म्हणून कोणी परत येत नाही. संशोधन तिथेच अडतं.

तुमच्या घरात, शेजारात असं मूल असेल तर तीन गोष्टी करा. शस्त्रक्रियेआधी त्याची सुंता करू नका, ती कातडीच नळीला लागते. सहा ते अठरा महिन्यांच्या आत बालशल्यचिकित्सकाला दाखवा. आणि ती फाइल जपून ठेवा. पोराला मिसरूड फुटेल तेव्हा ती घेऊन एकदा परत जा.