अंथरुणाला खिळण्याआधी

सासवडहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांच्या ८१ वर्षांच्या आई पहाटे मोरीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळीच ऑपरेशन करू. घरात लगेच दोन तट पडले. काका म्हणाले, "या वयात भूल सोसायची नाही. पायाला वजन लावून ठेवा, हाड सांधेल." बहिणीचं म्हणणं, चार दिवस थांबू, हृदयाच्या सगळ्या तपासण्या होऊ देत. शेवटी ऑपरेशन झालं. आई आता वॉकर धरून ओसरीपर्यंत येतात. पण त्या रात्रीचा प्रश्न वाचकांच्या मनातून गेलेला नाही: घाई केली, ते बरोबर केलं का?

पत्र वाचलं आणि मला माझी आजी आठवली. १९८४ साली तीही अशीच पडली होती. पायगतीच्या दोन्ही खुरांखाली विटा लावून तिची खाट तिरकी केली होती. पोटरीला चिकटपट्टी, पट्टीला दोरी, दोरी कप्पीवरून खाली सोडलेली आणि टोकाला वाळूची पिशवी. येता-जाता आम्हा मुलांचा धक्का त्या पिशवीला लागला की आजी कळवळायची. तिसऱ्या आठवड्यात पाठीला जखमा झाल्या. मग छातीत कफ साठला. रात्री ती वातात बडबडायची, कधीच्या वारलेल्या बहिणीला हाका मारायची. अडीच महिन्यांनी गेली. हाड मोडलं त्यातच गेली, असं सगळे म्हणाले. आज मला ठाऊक आहे, आजी त्या अंथरुणानं गेली.

म्हाताऱ्या माणसाला पाठीवर निजवून ठेवलं की शरीर फार वेगानं खचतं. पायाचे स्नायू वाळतात, शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होतात, फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुलत नाही, लघवीला जंतुसंसर्ग होतो. रिचर्ड अॅशर या लंडनच्या डॉक्टरांनी १९४७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर एक लेखच लिहिला. विश्रांती हेच औषध मानण्याच्या त्या काळात असं लिहायला धीर लागत असणार.

आपल्या भाषेनं हे आधीच ओळखलेलं आहे. आपण 'अंथरुणाला खिळला' असं म्हणतो. आणि या दुखण्याच्या इतिहासात माणसाला अंथरुणातून सोडवलं तेही एका खिळ्यानंच.

त्यासाठी आधी हाडाकडे पाहू. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो आणि तो एका तिरक्या मानेवर बसलेला असतो. प्रौढ वयात गोळ्याला रक्त मुख्यतः या मानेवरून चढत येतं, फळाला देठातून रस मिळावा तसं. मान गोळ्याजवळ मोडली की देठ तुटतो आणि गोळा उपाशी पडतो. तेच हाड मानेच्या खाली, मांसल भागात मोडलं तर रक्त भरपूर असतं. ते सांधतं, पण आधार नसेल तर वाकडं. हा फरक लंडनच्या अॅस्टली कूपर यांनी १८२० च्या दशकात, क्ष-किरणांच्या सत्तर वर्षं आधी, मृतदेहांतली हाडं तपासून मांडला. शेजारी-शेजारी मोडलेल्या दोन हाडांचे उपचार आजही वेगळे का, याचं उत्तर त्या देठात आहे.

तुटलेला गोळा मानेवर पुन्हा बसवायला साधा गोल खिळा चालत नाही. उकडलेल्या बटाट्यात सुई खुपसून पाहा, बटाटा सुईभोवती गरगर फिरतो. चमच्याचा चपटा दांडा खुपसा, फिरत नाही. बॉस्टनमधले नॉर्वेत जन्मलेले शल्यचिकित्सक मारियुस स्मिथ-पीटरसन यांनी तीन पाती असलेला पोलादी खिळा बनवला, १९२५ मध्ये तो वापरायला सुरुवात केली आणि १९३१ मध्ये त्यावर निबंध लिहिला. गोळ्याचं फिरणं थांबलं. पण त्यासाठी सांधा उघडावा लागे. मग स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या स्वेन योहान्सन यांनी तोच खिळा मधून पोकळ केला. आधी बारीक तार घालायची, ती नेमकी बसली का हे क्ष-किरणांनी पाहायचं, मग दोऱ्यात मणी ओवावा तसा खिळा तारेवरून आत सरकवायचा. मला ही युक्ती मूळ खिळ्याहूनही सुंदर वाटते. तोवर छातीपासून पावलापर्यंत प्लास्टरमध्ये महिनोन्महिने पडून राहणारी माणसं आता काही दिवसांत बसू लागली.

इतिहासाची पुस्तकं साधारण इथेच थांबतात, आणि इथेच एका बाईवर अन्याय होतो. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारचा गरिबांचा दवाखाना सोपवला गेला. त्यात शेकडो म्हातारी माणसं वर्षानुवर्षं पडून होती. ती जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे आली. त्यांनी एकेकाला तपासलं, कुणाला नेमकं काय झालंय ते लिहून काढलं आणि माणसांना खाटेवरून उठवायला सुरुवात केली. कित्येक जण चालत घरी गेले. वृद्धवैद्यक ही शाखा त्यातून उभी राहिली. पुढे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावात मायकल डेव्हस हे अस्थिशल्यचिकित्सक आणि बॉबी अर्वाइन हे वृद्धांचे फिजिशियन एकाच वॉर्डात एकत्र फेरी मारू लागले. एक हाड पाहणारा, एक माणूस पाहणारा. कल्पना इतकी साधी की तिला कुणी शोध म्हटलं नाही. माझ्या मते खुब्याच्या उपचारातला खिळ्यानंतरचा सगळ्यात मोठा शोध हाच.

आता वाचकांचा प्रश्न. घाईनं फायदा होतो का, हे पाहायला कॅनडातल्या हॅमिल्टनच्या संशोधकांनी 'हिप अॅटॅक' नावाची चाचणी आखली. तिची पहिली छोटी फेरी कॅनडा आणि भारतात झाली. २०१४ साली छापून आलेल्या तिच्या निबंधाच्या लेखकांत पुण्याचे डॉ. पराग संचेतीही आहेत. रुग्ण फक्त ६०. निम्म्यांचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत झालं, बाकीच्यांचं नेहमीच्या रीतीनं, म्हणजे २४ तासांच्या आसपास. मोठी गुंतागुंत घाईच्या गटात ३० टक्के रुग्णांना झाली, दुसऱ्या गटात ४७ टक्के. आकडा डोळ्यांत भरणारा होता. पण साठ माणसांत नशिबाचा खेळ मोठा असतो, हे संशोधकांना माहीत होतं. म्हणून त्यांनी १७ देशांतल्या ६९ रुग्णालयांत २,९७० रुग्ण घेतले.

२०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. ९० दिवसांत घाईच्या गटातले ९ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यातले १० टक्के. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. मोठी गुंतागुंत दोन्हीकडे २२ टक्के. पहिल्या चाचणीतली ती मोठी तफावत विरून गेली. 'सहा तासांत ऑपरेशन, नाहीतर जीव धोक्यात' असं कुणी सांगत असेल, तर त्याला या चाचणीचा आधार नाही.

मात्र घाईच्या गटात भ्रम कमी झाला: १२ टक्क्यांऐवजी ९. लघवीचा संसर्ग कमी झाला. माणसं लवकर पायावर उभी राहिली, घरीही थोडी लवकर गेली. रात्रभर वातात बडबडणारी आई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या तीन टक्क्यांचं मोल सांगायला नको. शिवाय घाईनं नुकसान झालं नाही, हेही तितकंच मोठं उत्तर आहे. आपल्याकडे 'फिटनेस मिळाला की ऑपरेशन' म्हणत चार-चार दिवस जातात. त्या चार दिवसांची बाजू घेणारं या चाचणीत काही नाही. खरोखरच आधी सावरावी लागतील अशी कारणं असतात, उदाहरणार्थ रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या. पण एकामागून एक तपासण्या लिहीत बसणं वेगळं. इंग्लंडमध्ये २०१० पासून, ३६ तासांत ऑपरेशन आणि ७२ तासांत वृद्धांच्या तज्ज्ञाची तपासणी अशा अटी पाळल्या तर रुग्णालयाला जास्त पैसे मिळतात.

काकांच्या भुलीच्या शंकेतून निघणाऱ्या प्रश्नालाही उत्तर आहे. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणं बरं, की पूर्ण भूल? अमेरिका आणि कॅनडातल्या १,६०० रुग्णांवरची 'रीगेन' चाचणी २०२१ मध्ये छापून आली. दोन महिन्यांत जी माणसं दगावली किंवा काठी-वॉकर घेऊनही दहा फूट चालू शकली नाहीत, त्यांचं प्रमाण पाठीतल्या इंजेक्शननंतर १८.५ टक्के आणि पूर्ण भुलीनंतर १८. म्हणजे फरक नाही. भुलीचा प्रकार भूलतज्ज्ञावर सोपवावा.

उपाशी पडलेल्या गोळ्याऐवजी बसवायच्या कृत्रिम गोळ्याचंही तसंच. नातेवाइकांपुढे किमतींचा तक्ता ठेवला जातो आणि महागातला निवडला नाही तर मनाला टोचणी लागते. खुब्याचा निम्मा सांधा बदलायचा की पूर्ण, यावर दहा देशांत १,४९५ रुग्णांची चाचणी झाली, २०१९ साली. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं. पूर्ण सांध्यानं हालचालीत जो फायदा झाला तो अगदी थोडा. किमतीपेक्षा विचारण्याजोगी गोष्ट दुसरी आहे: गोळ्याचा दांडा हाडात सिमेंटनं बसवणार का? २०२२ च्या ब्रिटिश चाचणीत १,२२५ रुग्णांपैकी सिमेंट वापरलेल्यांचं आयुष्य चार महिन्यांनी अधिक सुसह्य होतं आणि दांड्याभोवती हाड पुन्हा मोडण्याचं प्रमाण कमी.

हेस्टिंग्जच्या त्या एकत्र फेरीमागची कल्पनाही शेवटी चाचणीला उतरली. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये घरी राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या ३९७ रुग्णांपैकी निम्म्यांना अस्थिरोग वॉर्डात ठेवलं, निम्म्यांना वृद्धांच्या वॉर्डात. शस्त्रक्रिया तीच. चार महिन्यांनी वृद्धांच्या वॉर्डातली माणसं अधिक चांगली चालत होती.

अशाच पडण्यात कधी खुब्याऐवजी ओटीपोटाचं, म्हणजे श्रोणीचं हाड मोडतं; त्याबद्दल इतकं ठाम बोलता येत नाही. तिथे सहसा वेदना आटोक्यात आणून रुग्णाला लवकर चालतं करतात. ऑपरेशननं काही साधतं का, हे पाहणारी ब्रिटनमधली चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्यानं मध्येच थांबवावी लागली.

आणि ऑपरेशन न करणं हाही कधीकधी मान देण्याजोगा निर्णय असतो. नेदरलँड्समध्ये वृद्धाश्रमांतल्या अतिशय क्षीण अशा १७२ रुग्णांच्या घरच्यांशी डॉक्टरांनी सविस्तर बोलून निर्णय घेतले. सुमारे निम्म्यांनी ऑपरेशन नको म्हटलं. त्यांतले बहुतेक महिन्याभरात गेले, पण वेदना नीट सांभाळल्यामुळे उरलेल्या दिवसांची प्रत ऑपरेशन केलेल्यांपेक्षा खालावलेली नव्हती. जी बाई पडायच्या आदल्या दिवशी स्वतः मोरीपर्यंत चालत गेली, तिला मात्र हे लागू नाही.

तेव्हा सासवडच्या वाचकांना माझं उत्तर: तुम्ही बरोबर केलंत. मात्र एक काम बहुधा बाकी असेल. एकदा खुबा मोडलेल्याचं दुसरं हाड मोडण्याचा धोका मोठा असतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक अॅसिडचं इंजेक्शन आणि पुढे ते वर्षातून एकदा दिलं गेलं. रुग्ण २,१२७. नवं हाड मोडण्याचं प्रमाण १३.९ टक्क्यांवरून ८.६ वर आलं, मृत्यूंचं १३.३ वरून ९.६ वर. हे औषध आपल्याकडे मिळतं. मूत्रपिंड आणि ड जीवनसत्त्व तपासून ते द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील. आईंचा डिस्चार्जचा कागद आज काढा. त्यावर हाडाच्या औषधाचं नाव नसेल, तर पुढच्या तपासणीला जाताना तो कागद बरोबर घ्या आणि विचारा.