गाभ टाकविणारा जंतु पेशींत कसा लपतो

चांगली पोसलेली गाय गाभणपणाच्या उत्तरार्धांत एकाएकीं गाभ टाकते, वार अडकते, आणि दृष्ट लागली असें म्हणून धनी स्वस्थ बसतो. पुढें त्याच गोठ्यांत दुसरी गाय गाभडली म्हणजे मात्र सांसर्गिक गर्भपाताची शंका घेतलीच पाहिजे. ह्या रोगाचा जंतु ब्रुसेल्ला जातीचा. माल्टा बेटांत माणसांस येणाऱ्या तापाचा जंतु डेव्हिड ब्रूस यांनीं १८८७ सालीं, व गाईंतील जंतु डेन्मार्कमध्यें बर्नहार्ड बँग यांनीं १८९७ सालीं प्रसिद्ध केला. दोन्ही एकाच कुळांतले, हें ॲलिस एव्हान्स या विदुषींनीं १९१८ सालीं दाखविलें.

शरीरांत शिरलेला जंतु गिळून जिरविणें हें भक्षक पेशींचें काम. अशा पेशीवर कांहीं प्रथिनें पहारेकऱ्यांसारखीं असतात. शत्रूची चाहूल लागतांच तीं आंतील दुसऱ्या प्रथिनास वर्दी देतात, तें तिसऱ्यास. अशी वर्दी पेशीच्या केंद्रापर्यंत गेली म्हणजे दाह उत्पन्न करणारीं द्रव्यें सुटतात व इतर पेशी मदतीस धांवतात. ब्रुसेल्ला घाव घालतो तो ह्याच साखळीवर. आधीं त्याचें बाह्य आवरणच असें कीं पहारेकऱ्यांस तें फारसें जाणवत नाहीं. शिवाय तो आपलीं प्रथिनें यजमान पेशींत सोडतो. त्यांतील एकाची घडण पहारेकरी प्रथिनांच्या आंतल्या भागाशीं जुळती असल्याचें २००८ सालीं दिसून आलें. हा तोतया साखळींत शिरला कीं वर्दी पोंचविणारा दुवाच नष्ट होतो. इतर प्रथिनांच्या साह्यानें जंतु पेशीचें पाचक रसांचें कोठार चुकवितो व जेथें पेशी स्वतःचीं प्रथिनें घडविते त्या कारखान्यांतच जाऊन वाढतो. चोरानें चौकींतच बिऱ्हाड करावें, तसा हा प्रकार!

गाईच्या वारेंत एरिथ्रिटॉल नांवाचें शर्करेसारखें द्रव्य असतें. तें त्यास फार मानवतें, म्हणून जंतूंचा सर्वांत मोठा सुकाळ तेथें होतो.

पेशींत दडलेल्या शत्रूवर औषध नीट चालत नाहीं. पुढच्या खेपेस गाय बहुधा पुरे दिवस भरून विते. तेवढ्यावरून ती बरी झाली असें मानणें आम्हांस घातक वाटतें, कारण दुधांतून व विण्याच्या स्रावांतून ती जंतु टाकीतच असते. रक्ताची परीक्षा झाल्याखेरीज अशी गाय बाजारांत नेऊं नये आणि नवी गाय कळपांत घेऊं नये. कालवडींस व पारड्यांस चार ते आठ महिन्यांच्या वयांत लस टोंचविणें हा खरा उपाय. भारतांत २०१९ पासून राष्ट्रीय योजनेखालीं ती टोंचली जाते. लस जिवंत जंतूंची आहे, म्हणून ती पशुवैद्याच्याच हातून घ्यावी. गाभण जनावरांस व वळूंस ती देऊं नये.

माणसांस ह्या जंतूनें चढउतार करणारा ताप व सांधेदुखी जडते. दूध उकळूनच प्यावें. पडलेला गर्भ व वार उघड्या हातांनीं उचलूं नये, कुत्र्यांस खाऊं देऊं नये. चुना घालून खोल खड्ड्यांत पुरावीं.