कोड अनेकांचा, वळण एक

सामाईक सॉफ्टवेअर प्रकल्पात एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याला वाचावा आणि तिसऱ्याला दुरुस्त करावा लागतो. प्रत्येकाची मांडणी निराळी असली, तर वाचणाऱ्याचे निम्मे लक्ष तिच्यातच अडकते. म्हणून अशा प्रकल्पांत लेखनाचे नियम आधीच ठरवतात. ओळीची लांबी, डावीकडे सोडायची जागा, नावे, कंस आणि टिपा यांचा त्यांत समावेश असतो.

पायथन भाषेचे असे नियम ‘पेप ८’ या नावाने २००१ पासून प्रसिद्ध आहेत. ते मुळात भाषेच्या प्रमाण लायब्ररीसाठी तयार झाले. त्यांनुसार आतल्या प्रत्येक पातळीला चार स्पेस सोडायच्या, ओळ ७९ अक्षरांपुढे न्यायची नाही आणि फंक्शनचे नाव लहान अक्षरांत लिहून त्यातले शब्द अंडरस्कोरने जोडायचे. लिनक्स कर्नलचा शिरस्ता वेगळा आहे. तिथे प्रत्येक पातळी आठ अक्षरांच्या टॅबइतकी आत सरकते. तीनपेक्षा जास्त पातळ्या लागत असतील, तर कोडची रचनाच सुधारावी, अशी अपेक्षा असते. रुंद टॅबमुळे असा गुंता चटकन दिसतो.

मांडणीचा संबंध केवळ देखणेपणाशी नाही. २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये एक गंभीर चूक सापडली. ‘गोटू फेल’ ही ओळ दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ अटीखाली असल्यासारखी दिसत होती, पण महिरपी कंस नसल्याने ती अटीबाहेर पडून दर वेळी चालत होती. त्यामुळे स्वाक्षरीची पडताळणी पूर्णच होत नव्हती. एका ओळीच्या अटीलाही कंस द्यावा असा नियम अनेक प्रकल्पांत असतो, तो अशाच चुका टाळण्यासाठी.

नियम ठरवताना भाषेचे प्रचलित नियम आधार म्हणून घेणे सोयीचे असते. मग आपल्या प्रकल्पापुरते फरक तेवढे कारणांसह लिहून ठेवले की पुरते. यांत्रिक भाग साधनावर सोपवता येतो. गो भाषेसोबत मिळणारे ‘गोफएमटी’ आणि पायथनसाठीचे ‘ब्लॅक’ कोडची मांडणी आपोआप करतात, त्यामुळे तपासणीच्या वेळी स्पेस आणि कंसांवरून वाद होत नाहीत. नाव अर्थवाही आहे का, फंक्शन फार मोठे झाले आहे का, टिपेत कारण सांगितले आहे का, हे मात्र माणसालाच पाहावे लागते.

जुन्या प्रकल्पाला नवे नियम लावताना मांडणीतले बदल आणि कामकाजातले बदल वेगवेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या स्वतंत्र नोंदींत, ठेवावेत. दोन्ही एकत्र झाले, तर खरा बदल शेकडो ओळींत हरवतो. मांडणीची अशी कमिट ओळींचा इतिहास पाहताना वगळण्याची सोय कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या ‘गिट’मध्ये २०१९ पासून आहे.

नियमांनाही अपवाद असतात. केवळ नियम पाळण्यासाठी जुन्या कोडशी असलेली सुसंगतता मोडू नये, असे ‘पेप ८’च सांगतो. प्रकल्पाचे स्वतःचे नियम निराळे असतील, तर तिथे तेच पाळावेत, असेही त्यात नमूद आहे.