नवजात बालकाचा मेंदू आणि प्राणवायू

मूल जन्मताच रडले की काळाचौकी-लालबागच्या चाळींत बाहेर खोळंबलेल्यांचा जीव भांड्यात पडे. गिरणीकामगारांच्या स्त्रियांसाठी परळला १९२६ साली नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले. त्या रडण्याची वाट तेथेही तितक्याच उत्कंठेने पाहिली जाते, आणि ती अस्थानी नाही.

गर्भाला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून, वार आणि नाळ यांच्या मार्गे. प्रत्येक कळेसरशी हा पुरवठा क्षणभर आखडतो; सुदृढ गर्भ ते सहज सोसतो. परंतु नाळ दबली, वार अवेळी सुटली किंवा प्रसूती फार अडली, तर गर्भाचे शरीर काटकसर आरंभते. मूत्रपिंडे, आतडी व त्वचा यांचे रक्त तोडून ते मेंदू व हृदय यांकडे वळविले जाते. ही काटकसरही अपुरी पडली म्हणजे मेंदूच्या पेशींतील शक्ती आटते, त्यांत पाणी शिरते आणि त्या फुगतात.

श्वास सुरू झाल्यावर पेशी काही काळ सावरतात. मात्र सुमारे सहा तासांनंतर हानीची दुसरी लाट येऊ लागते, व पुष्कळदा तिच्याबरोबर आकडी. मधल्या अवकाशातच बालकाचे शरीर थंड करून ७२ तास ३३.५ सेंटिग्रेडच्या आसपास ठेवण्याचा उपाय श्रीमंत देशांत गुणकारी ठरला. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय धरून भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील रुग्णालयांत ४०८ बालकांवर त्याची पारख झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराशाजनक होता: व्यंग टळले नाही, उलट मृत्यू वाढले. इकडे इजा बहुधा प्रसूतीच्या आधीपासून सावकाश होत आलेली असते, असा संशोधकांचा तर्क आहे.

म्हणूनच अपंग मुलाच्या मातेने उगाच सुईणीस वा स्वतःस बोल लावू नये. लंडनच्या डॉ. लिट्ल यांनी १८६१ साली अवघड प्रसूती आणि हातपाय आखडणे यांचा संबंध दाखविला खरा. पण मनोविश्लेषणामुळे पुढे गाजलेल्या फ्रॉइड यांनी १८९७ साली उलट विचारले, की आधीच बिघडलेल्या गर्भामुळे प्रसूती अवघड झाली नसेल कशावरून? मेंदूच्या अशा पक्षाघातांपैकी बहुसंख्यांचे मूळ जन्मवेळच्या गुदमरण्यात नसते, हे आता मान्य झाले आहे.

ज्यांचे असते, त्यांच्यासाठी पहिले मिनिट मोलाचे. उलटे धरून थापट्या मारण्याची जुनी रीत त्याज्य होय. बालकाला कोरडे पुसावे, ऊब द्यावी. तरीही श्वास न आल्यास जाणत्या हाताने त्या मिनिटातच पिशवी व मुखवटा लावून हवा द्यावी. पूर्ण दिवसांच्या बालकास तेव्हा शुद्ध प्राणवायूही लागत नाही. खोलीतली साधी हवाच बहुधा पुरते.