शरीराची स्मरणशक्ती

साठी उलटलेल्या माणसाच्या दंडाकडे पाहिले, तर तेथे नाण्याएवढे वाटोळे व्रण दिसण्याचा संभव असतो. लहानपणी ‘देवी काढल्या’ची ती खूण होय. ज्या रोगाच्या धास्तीने त्या काढल्या, तो जगातून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केले. रोग गेला, परंतु ज्यांनी देवी काढून घेतल्या, त्यांच्या रक्तात त्या रोगाची ओळख कित्येक दशकांनंतरही टिकून असल्याचे आढळले आहे. ही ओळख शरीर कोठे आणि कशी जपून ठेवते, याचा शोध घेणारे शास्त्र म्हणजे रोगप्रतिकारशास्त्र.

इंग्रजीत या शक्तीला ‘इम्यूनिटी’ म्हणतात. हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून निघाला, त्याचा अर्थ राज्याच्या करातून वा सेवेतून मिळालेली माफी असा आहे. माझी उमेदवारी महसुली दप्तरात गेली असल्यामुळे मला तो ऐकला की इनामाची सनद आठवते. सनद हाती असली की सारा माफ. पण त्या सनदेमागे कोणाची तरी, केव्हा तरी केलेली कामगिरी असे. रोगापासून मिळणारी माफीही बहुधा अशीच आधी कमवावी लागते. इसवी सनापूर्वी ४३० मध्ये अथेन्स नगरात भयंकर साथ आली. थ्युसिडिडीज हा इतिहासकार स्वतः तीत आजारी पडून वाचला होता. त्याने नोंदवून ठेवले आहे की, जे एकदा बरे झाले त्यांना तोच रोग पुन्हा प्राणघातक स्वरूपात झाला नाही, आणि म्हणून रोग्यांची शुश्रूषा तेच निर्भयपणे करीत.

ही माफी अल्प मोलात मिळवून देण्याची युक्ती एडवर्ड जेन्नर या इंग्लिश वैद्याने १७९६ साली सिद्ध केली. गोस्तन देवीच्या फोडातील लस त्याने एका आठ वर्षांच्या मुलास टोचली, आणि पुढे त्या मुलास खऱ्या देवीची बाधा होईना. सहाच वर्षांनी, १८०२ च्या जूनमध्ये, ती लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी प्रवास करीत मुंबईस पोहोचली. पुढे फ्रान्समध्ये लुई पाश्चरने रोगजंतू दुर्बळ करून त्यांच्याच लशी बनविल्या. तथापि लस टोचल्यावर शरीरात नेमके काय घडते, हे जेन्नरला ठाऊक नव्हते आणि पाश्चरलाही पुरते उमगले नव्हते.

त्या प्रश्नाची दोन उत्तरे पुढे आली आणि त्यांच्यात पुष्कळ वर्षे वाद चालला. इल्या मेचनिकोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत बारीक काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतो तो शरीरातील भटक्या पेशी त्या काट्यांभोवती गोळा झालेल्या! आगंतुकास गिळून टाकणाऱ्या या भक्षक पेशी हेच शरीराचे सैन्य, असे त्याने प्रतिपादिले. उलट बर्लिनमध्ये बेहरिंग व किटासाटो या दोघांनी १८९० साली दाखवून दिले की, धनुर्वाताचे विष अल्प प्रमाणात पचवून सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातील पेशीरहित द्रव दुसऱ्या प्राण्यास टोचला, तर तोही त्या विषापासून वाचतो. संरक्षण द्रवात आहे! या द्रवातील घटकांना आपण आज प्रतिपिंडे म्हणतो. प्रत्येक प्रतिपिंड एकाच शत्रूस ओळखते. धनुर्वाताचे प्रतिपिंड घटसर्पापुढे निरुपयोगी ठरते. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकोव्ह आणि प्रतिपिंडांची उपपत्ती मांडणारा पाउल एर्लिख या दोघांत वाटून देण्यात आले. तो निवाडा योग्यच होता, कारण दोन्ही पक्ष खरे होते.

ओडेसा येथे मेचनिकोव्हच्या हाताखाली शिकलेला व्हाल्डेमार हाफकिन हा तरुण पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत आला, आणि १८९३ साली पटकीची लस घेऊन भारतात उतरला. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा सरकारने त्यास कलकत्त्याहून बोलावून घेतले. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्याचे काम सुरू झाले. मांसरसावर तुपाचे थेंब सोडले की प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, हे त्याने हेरले. त्या जंतूंना उष्णतेने मारून, कार्बॉलिक आम्ल घालून त्याने लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. लोकांच्या मनात त्या वेळी प्लेगइतकीच प्लेगच्या बंदोबस्ताची दहशत होती. घरोघरची सक्तीची झडती आणि तिच्यापायी पुण्यात झालेला रँडचा वध याच वर्षातले. हाफकिनची लस मात्र ऐच्छिक होती. १८९९ साली त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांतील एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मृत्यू पावले. बाकीच्यांस बाधा झाली नाही. मेलेल्या प्लेगजंतूंपासून धनुर्वात होणे शक्यच नव्हते. अर्थात बाटलीत धनुर्वाताचे जंतू बाहेरून शिरले होते. कोठे, एवढाच प्रश्न होता. चौकशी आयोगाने परळच्या प्रयोगशाळेकडे बोट दाखविले, आणि हाफकिन पदावरून दूर झाला.

चौकशीचे कागद वाचणे हा माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे. या प्रकरणात मला खटकते ते असे की, खेड्यात बाटली उघडताना तेथील साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो न उकळता केवळ जंतुनाशक द्रवात खळबळून पुन्हा वापरला गेला, ही साक्ष समोर असूनही तिला द्यावे तेवढे महत्त्व दिले गेले नाही. जंतू बाटलीत बरेच दिवस वाढत असते, तर उघडताच दुर्गंधी सुटली असती. ती आल्याचेही कोणी सांगितले नाही. मलेरियाचा संशोधक रोनाल्ड रॉस याने हे मुद्दे लंडनच्या वृत्तपत्रांतून लावून धरले. अखेर १९०७ साली सरकारने हाफकिनला पुन्हा सेवेत घेण्याची तयारी दाखविली. पण तोवर त्याच्या उमेदीची पाच वर्षे गेली होती. तो कलकत्त्यास परतला, परळला नव्हे. परळच्या संस्थेस १९२५ साली त्याचे नाव देण्यात आले, ते आजही आहे.

त्या १९ जणांची प्रतिकारशक्ती काय करीत होती, असे कोणी विचारील. उत्तर देण्यास शास्त्राला बराच काळ लागला. १९५७ साली मॅकफार्लेन बर्नेट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने मांडले की, शरीरात असंख्य प्रकारच्या लसिकापेशी आधीपासूनच सज्ज असतात आणि प्रत्येकीपाशी एकाच आकृतीची ओळख असते. आगंतुक आला की ज्या मोजक्या पेशींशी त्याचे जुळते, त्याच झपाट्याने वाढतात, प्रतिपिंडे निर्माण करतात आणि त्यांतील काही आठवण म्हणून मागे उरतात. जनुकांचे मोजकेच तुकडे निरनिराळ्या तऱ्हांनी जुळवून इतकी विविधता साधली जाते, हे पुढे सुसुमु तोनेगावा यांनी दाखविले. स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या पेशींना आवरणाऱ्या पेशींच्या शोधास तर २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या गाठीत या सर्व तयारीस एक-दोन आठवडे लागतात. दुसऱ्या गाठीत ती फार लवकर होते. मुलकोवालच्या लोकांची धनुर्वाताशी ती पहिलीच गाठ होती आणि विषाने तेवढी सवड दिली नाही.

येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगावीशी वाटते. धनुर्वाताचे विष इतके जहाल असते की प्राण घेण्यास पुरेसे विषही शरीरास धडा शिकविण्यास अपुरे पडते. त्यामुळे धनुर्वातातून वाचलेल्या माणसास तो रोग पुन्हा होऊ शकतो; थ्युसिडिडीजचा नियम येथे लागू पडत नाही. जी ओळख रोग करून देत नाही, ती लस करून देते. १९२० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये हे विष फॉर्मॅलिनने निर्विष करून त्याची लस बनविण्यात आली. आज ती गर्भवतीस टोचली जाते. तिच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बालकाकडे जातात, आणि ज्या बालकाने धनुर्वाताचा जंतू कधी पाहिलेला नाही, ते आईची ओळख घेऊन जन्माला येते. पूर्वी अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे कित्येक अर्भके जन्मानंतर थोड्याच दिवसांत आचके देऊन दगावत. ही लस आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या बळावर माता व नवजात अर्भकांतील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले. धनुर्वाताचा जंतू मात्र गावोगावच्या मातीत आहे तसाच आहे, आणि म्हणून प्रत्येक नव्या आईस ही टोचणी घ्यावीच लागते.